चिपळूणमध्ये जुनं कौलारू घर घ्यायचंय: सात वारस, एक भाडेकरू आणि पूररेषा

ओटी_माजघर

नमस्कार मंडळी. चिपळूण शहरात, बाजारपेठेपासून चालत दहा मिनिटांवर गावठाणातलं जुनं घर विकाऊ आहे. राहायलाच घ्यायचंय, भाड्याने द्यायला नाही. तपशील असा:

जागा २१२ चौ.मी. घर जांभ्याचं, मातीत बांधलेलं, वर मंगलोरी कौलं. खाली साधारण ९०० चौ.फूट, अर्ध्या भागावर माडी. मागे परसू आणि विहीर. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून आजोबांचंच नाव आहे, ते १९८४ साली वारले. आजीही नाहीत. दोन मुलगे होते, दोघंही गेले. थोरल्याची पत्नी आणि दोन मुलगे (त्यातला एक कॅनडात), धाकट्याची पत्नी, एक मुलगी आणि १६ वर्षांचा मुलगा, शिवाय आजोबांची विवाहित मुलगी, म्हणजे या सगळ्यांची आत्या. एकूण सात जण. पुढच्या खोलीत एक शिंपी जुना भाडेकरू आहे, भाडं ३०० रुपये.

किंमत ३८ लाख सांगतायत. एजंटचं म्हणणं: पाच जण लगेच सही करतील, आत्याचं लग्न होऊन जमाना झाला त्यामुळे तिचा प्रश्न नाही, कॅनडावाल्याचं नंतर बघू. ५ लाख विसार द्या, ५०० च्या स्टँपवर नोटरी करू. २०२१ ला पाणी "ओटीपर्यंतच" आलं होतं असंही तो म्हणतो.

मी आणि नवरा दोघांच्या नावावर घ्यायचा विचार आहे. विसार देण्याआधी नेमकं काय काय बघू?

दस्तवाला

ताई, आधी हिशोब. आजोबांच्या पश्चात तीन शाखा, प्रत्येकीला एक तृतीयांश. आत्याकडे एकटीकडे १/३. उरलेल्या सहा जणांना प्रत्येकी १/९. एजंट ज्या पाच सह्या म्हणतो त्यात आत्या नाही आणि कॅनडावाला नाही, म्हणजे तुमच्या हाती घराचा ५/९ हिस्सा येतो. त्यातला १/९ अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलाचा. आईने त्याच्या वतीने सही केली तरी जिल्हा न्यायालयाची परवानगी नसेल तर तो सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत व्यवहार रद्द करायला दावा लावू शकतो. पक्का हिस्सा उरला ४/९, आणि पैसे मात्र पूर्ण घराचे मागतायत.

बरं, हिस्सा घेतला तरी आत राहायला मिळेलच असं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं की एकत्र कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला, तर त्याला कुटुंबाबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावायचा आणि तारखा मोजत बसायचं.

आत्याचा हक्क लग्नाने जात नाही. घर आजोबांचं स्वकष्टार्जित असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच ती मुलग्यांच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित असेल तर २००५ ची दुरुस्ती आहेच, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उरलीसुरली शंकाही मिटली. गावाकडे "बहिणीला राहत्या घरात वाटा नाही" असं जे ऐकू येतं त्याचं मूळ जुन्या कलम २३ मध्ये आहे. भाऊ वाटप करेपर्यंत बहिणीला राहत्या घराचं वाटप मागता येत नसे, एवढाच त्याचा अर्थ. हिस्सा तेव्हाही होता. ते कलमही २००५ ला काढून टाकलं.

तेव्हा क्रम उलटा करा. विसार नंतर, वारस नोंद आधी. ती त्यांनी त्यांच्या खर्चाने करायची. आजोबांचा, आजीचा आणि दोन्ही मुलग्यांचा मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची ओळखपत्रं घेऊन भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात, नगर भूमापनाकडे अर्ज. नोंद धरल्यावर १५ दिवसांची नोटीस निघते, हरकत आली नाही तर प्रमाणित होते. सातही नावं पत्रिकेवर चढली की बोलणीला अर्थ. आत्याला भावाच्या मुलांसाठी हिस्सा सोडायचाच असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. साध्या कागदावरची "माझी हरकत नाही" ही चिठ्ठी कुचकामी.

कॅनडावाल्याचं "नंतर" अजिबात नको. मुखत्यारपत्र तिथे करून अपॉस्टिल (तिथल्या सरकारचा, कागद खरा असल्याचा शिक्का) किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायचं, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक लागला पाहिजे. त्यात "विक्री करणे, मोबदला स्वीकारणे, दस्त नोंदणीसाठी सादर करणे" हे तिन्ही अधिकार शब्दांत हवेत आणि मिळकतीचं वर्णन, सिटी सर्व्हे नंबरसकट हवं. "माझ्या सर्व मिळकतींची देखभाल" असलं मोघम मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडे अडकतं. त्याचा हिस्सा १/९ म्हणजे ३८ लाखांतले साधारण ४ लाख २२ हजार. ५० लाखांच्या खालच्या व्यवहारात कर कापायचा नाही ही सूट अनिवासी विक्रेत्याला लागू नाही. त्याच्या रकमेवर कर कापायची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची, आणि दर निवासी विक्रेत्याच्या १ टक्क्यापेक्षा बराच जास्त. त्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला तर गोष्ट वेगळी. सीए बघून घ्या. बाकी सहा जणांसाठी कपात नाही, कारण एकूण किंमतच ५० लाखांच्या खाली आहे.

अज्ञान मुलाचं दोन तऱ्हेने सुटतं. एक, आईने जिल्हा न्यायालयात परवानगीचा अर्ज करायचा. न्यायालय बहुधा त्याच्या वाट्याची रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. दोन, तो १८ चा होईपर्यंत थांबायचं. तो सतरा पूर्ण असता तर मी थांबाच म्हटलं असतं. सोळा आहे, तर अर्ज करून टाकलेला बरा.

शेवटचं: ५०० च्या स्टँपवरची नोटरी म्हणजे ५ लाख देऊन घेतलेली पावती. साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, नोंदणीकृतच करा. त्यावर पूर्ण मुद्रांक भरलात तर तोच पुढे खरेदीखतात वजा होतो, दुप्पट जात नाही.

जांभा_चिरा

कागद वर आलेच आहेत, मी दगडमातीचं बोलतो.

"ओटीपर्यंतच" हे वाक्य चिपळुणात प्रत्येक विकणारा म्हणतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या एकदम चढल्या होत्या, बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं. घरात खुणा शोधा. रंग नवा असला तरी माडीच्या जिन्याच्या लाकडावर, दाराच्या चौकटीच्या मागच्या बाजूला, देवघराच्या कोनाड्यात चिखलाची रेघ राहतेच. विजेचे बोर्ड बघा. घर सत्तर वर्षांचं, आणि बोर्ड, वायरिंग, मीटरची पेटी मात्र नवीकोरी आणि खांद्याच्याही वर बसवलेली असेल, तर पाणी कुठवर होतं ते बोर्डच सांगतो. शेजारच्या दोन दुकानांत विचारा. त्यांना काही विकायचं नाही, खरं सांगतील.

मग कागदावरची रेषा. जलसंपदा विभागाने आखलेली निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित. नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, त्यावर सिटी सर्व्हे नंबर कुठल्या पट्ट्यात पडतो ते लेखी मागा. त्याच नकाशात रस्तारुंदीची रेषा घरातून जाते का तेही दिसेल. पुढची खोलीच रुंदीकरणात जाणारी असली तर शिंप्याची काळजी वेगळी करायला नको!

निळ्या-लाल पट्ट्यात नवीन बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. निळ्या रेषेच्या आत फक्त पूर्वीच्या अधिकृत घराची पुनर्बांधणी, तीही याच उंचीवर आणि जलसंपदाच्या ना-हरकतीने. समजा तुमच्या जागेवर लाल रेषा जमिनीपासून २.१ मीटरवर येते, तर जोतं २.५५ मीटरवर. म्हणजे खाली खांब आणि पार्किंग, वर घर. म्हणून माझं स्पष्ट मत: ते जुनं घर पाडू नका. कौलं बदलणं, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या अशा त्याच उंचीतल्या दुरुस्त्यांना बांधकाम परवानगी लागत नाही. पाडलंत की नवीन नियमात गेलात. ठेकेदार "पाडून आरसीसी करू" म्हणेलच, त्याचा फायदा त्यात आहे.

आता खुद्द घर. मातीत बांधलेल्या जांभ्याला पुराचं पाणी सांध्यांतून खातं. बाहेरून चिरा ठणठणीत, आतली माती धुपलेली. खालच्या तीन फुटांत सांध्यात खिळा घालून बघा. तीन-चार इंच सहज गेला तर तिथलं सांधं उकरून चुन्याने भरावं लागणार. सिमेंटने नको. सिमेंटचा गिलावा जांभ्यातला ओलावा आत कोंडतो, मग लोणा (भिंतीतला खार) वर वर चढतो आणि दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून पडतो. असा सिमेंटचा थर आधीच मारलेला असेल तर तो काढायचा खर्च किमतीत धरा. चुना एक भाग, वाळू तीन भाग. भिंतींना ओळंबा लावा, दहा फुटांत एक इंचापेक्षा जास्त झुकाव असेल किंवा मध्ये पोट आलं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नका. वळचणीच्या भिंतीत पिंपळ-उंबराचं रोप दिसलं तर मूळ कुठवर गेलंय ते बघा, वरून तोडून काही होत नाही.

छपरात तुळया आणि वाश्यांची टोकं बघायची, मधला भाग नव्हे. कुजतं ते भिंतीत घुसलेलं टोक, कारण तिथे हवा नाही आणि ओल आहे. पेचकसाने टोचा आणि हातोडीच्या दांड्याने ठोका. पोकळ आवाज आला की वाळवी किंवा भुंगा. साग आणि ऐन टिकतात. नंतर कुणीतरी घुसडलेले हलक्या लाकडाचे वासे आधी जातात.

कौलांचा अंदाज: ३० × ३० फूट घर, चारी बाजूंनी दोन फूट पागोळी धरून ३४ × ३४ म्हणजे ११५६ चौ.फूट, उताराचे १५ टक्के वाढवून साधारण १३३० चौ.फूट, म्हणजे १२३-१२४ चौ.मी. मंगलोरी कौल चौरस मीटरला १५ लागतं. साडेअठराशे, वर फुटतुटीचे दहा टक्के धरून दोन हजारांपेक्षा थोडी जास्त. आढ्यावरची कौलं वेगळी. सगळी नवी लागत नाहीत, जुनी उतरवून, ठोकून, खणखणीत आवाजाची बाजूला काढली की निम्म्याहून अधिक परत चढतात. रिपांमधलं (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर साधारण साडेबारा इंच, पण जुनं आणि नवं कौल मिसळणार असाल तर आधी दोन्ही एकमेकांत अडकवून अंतर मोजा. साच्यात दोन-चार मिलीमीटरचा फरक असला तरी वरच्या ओळीपर्यंत तो वाढत जातो आणि पहिल्याच पावसात गळतं. शाकारणी दिवाळीनंतर सुरू करा, मे महिन्यात सुतार आणि गडी मिळत नाहीत. माकडांवर उपाय विचारू नका, तो कुणाकडेच नाही.

पागोळी

वरच्या दोघांच्या उत्तरात जमीन कोणाची हा मुद्दा सुटलाय. कोकणातल्या जुन्या पेठांत घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची असा प्रकार सर्रास असतो. घरवाला वर्षाला भुईभाडं देत आलेला असतो, किंवा द्यायचा बंद झालेला असतो. नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव आहे म्हणून जमीन त्यांची ठरत नाही, घरपट्टी हा मालकीचा पुरावाच नाही. मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून कोण आहे आणि सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते) काय लिहिलाय ते वाचा. 'ब' दिसलं तर शासनाच्या अटी-शर्ती असू शकतात, आधी त्या काढा. "इतर भार" या रकान्यात एखाद्या पतसंस्थेचा बोजा चढवून ठेवलेला असतो आणि कर्ज फिटून वीस वर्षं झाली तरी कोणी उतरवलेला नसतो. बोजा कमी करायचं पत्र पतसंस्थेकडून आणायचं काम विक्रेत्याचं.

परसू तपासा. पुष्कळदा २१२ चौ.मी. ही घराची मिळकत असते आणि विहिरीकडचा तुकडा गावठाणाबाहेर वेगळ्या सातबाऱ्यावर असतो. दाखवताना एकच दाखवतात, दस्तात एकच नंबर टाकतात, आणि विहीर राहते दुसऱ्याच्या नावावर. तुकडा सातबाऱ्यावर असेल तर बिगरशेतकऱ्याला तो घेता येईल का हे त्याच्या झोनवर ठरेल. त्यासाठी साठेखताआधी हद्द कायम मोजणी करून घ्या, चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना नोटीस जाते तेव्हा खरी भांडणं बाहेर येतात.

पागोळीचं पाणी शेजाऱ्याच्या जागेत पडतंय का, मागच्या बोळातून दुसऱ्या कोणाची वहिवाट आहे का, विहीर सामाईक आहे का, हे पावसात किंवा निदान सकाळी पाणी भरायच्या वेळेला जाऊन बघा. वीस वर्षं अखंड चाललेली वहिवाट हक्क होऊन बसते. तुम्ही गेट लावलंत की दावा.

ओटी_माजघर

सगळ्यांचे आभार. एजंटला वारस नोंदीचं विचारलं तर तो "तसं कोणी करत नाही" म्हणाला. तीन उपप्रश्न: (१) शिंप्याचं काय करायचं? (२) दोघांच्या नावावर घेण्यात काही अडचण? (३) वाळवी आणि विहीर.

दस्तवाला

"तसं कोणी करत नाही" म्हणणाऱ्या एजंटला एकच विचारा: मग पत्रिकेवर तुमचं नाव कोण चढवणार? आजोबांच्या नावानंतर थेट तुमचं नाव चढत नाही.

भाडेकरू. घर विकल्याने त्याचा हक्क संपत नाही, तो तुमचा भाडेकरू होतो, ३०० रुपयांवर. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली स्वतःच्या गरजेचा दावा लावता येतो, पण तो निकालापर्यंत चालवायला धीर लागतो. मोबदला घेऊन भाडेहक्क सोडणं त्याच कायद्यात मान्य आहे, तेव्हा सरळ वाट तीच. विक्रेत्यांनी त्याच्याशी बोलून नोंदणीकृत करार करावा, पैसे चेकने द्यावेत, खोली रिकामी करून घ्यावी. त्याच्यासोबत दुकानात बसणारा मुलगा असेल तर त्याचीही सही घ्या. साठेखतात अट घाला: पुढची खोली रिकामी असल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. आणि तो हप्ता लहान ठेवू नका. शिंपी जायलाच तयार नसेल तर ३८ लाख हा भाव रिकाम्या घराचा आहे, भाडेकरूसकट घराचा नाही, एवढं सांगून उठा.

नावं. निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, नवऱ्याचं नाव घातलं की जाते. ३८ लाखांवर ३८ हजार रुपये. मात्र मुद्रांक ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर लागतो, त्यामुळे आधी दुय्यम निबंधकाकडून मूल्यांकन काढून घ्या. जुन्या बांधकामाला वयानुसार घसारा मिळतो, तो धरलाय ना बघा. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००, म्हणजे तुम्हाला ३०,००० च. निम्मी रक्कम रोख मागतील. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख स्थावर मिळकतीच्या व्यवहारात घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत कागदावर तेवढीच कमी राहील. सातही जणांना स्वतंत्र चेक किंवा आरटीजीएस, दस्तात प्रत्येकाचा नंबर आणि रक्कम.

याशिवाय नोंदणी कार्यालयात मिळकतीच्या ३० वर्षांच्या दस्तांचा शोध, दोन स्थानिक दैनिकांत १५ दिवसांची जाहीर नोटीस, आणि ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या संकेतस्थळावर) आजोबा धरून आठही नावांनी दाव्यांचा शोध. कर्ज काढणार असाल तर बँकेच्या वकिलाला आणि मूल्यांकनकाराला साठेखताआधीच दाखवा. मंजूर नकाशा नसलेल्या जुन्या घराला बऱ्याच बँका नाही म्हणतात, आणि तोवर विसार गेलेला असतो.

जांभा_चिरा

वाळवी: भिंत आणि जमिनीच्या सांध्यात १२ मि.मी.ची भोकं, एकेक फुटावर, प्रत्येक भोकात एक लिटर द्रावण, मग भोक बुजवायचं. क्लोरपायरीफॉस २० ईसी असेल तर एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी. इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी असेल तर लिटरला २.१ मि.ली. विहिरीच्या बाजूच्या भिंतीला यातलं काहीही टोचू नका, जांभा सच्छिद्र असतो, औषध सरळ पाण्यात उतरतं. त्या बाजूचं लाकूड बाधित असेल तर ते बदलून टाकायचं आणि नव्या टोकांना घासून लावायचं औषध वेगळं मारायचं.

विहीर: शौचालयाची टाकी किमान १५ मीटर दूर हवी. २१२ चौ.मी.च्या जागेत हे अंतर बसणं कठीण, आणि शेजाऱ्याची टाकी तर आपल्या हातात नसतेच. म्हणून पाणी पिण्यासाठी धरू नका, नळजोडणी सुरू आहे का आणि कोणाच्या नावावर आहे ते बघा. वापरासाठी निर्जंतुक करायचं तर हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर. दोन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी म्हणजे सुमारे ९,४०० लिटर, पावडर २४ ग्रॅम. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ते विहिरीत तळापर्यंत सोडून हलवा, तासभर उपसू नका. उघडं पाकीट वर्षभर पडलेलं असेल तर त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, ते फेकून द्या.

पागोळी

एक राहिलं. घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणची थकबाकी तिन्ही खरेदीखताच्या दिवशीपर्यंत शून्य झाल्याच्या पावत्या घ्या. शिंप्याच्या खोलीचं मीटर वेगळं असेल तर त्याचीही. जुनी थकबाकी भरल्याशिवाय तुमच्या नावाचं मीटर होताना त्रास होतो, आणि तोवर सात जणांपैकी कोणी फोन उचलत नाही.